पुढच्या अंकापर्यंत

कळंबोलीत समुद्र दिसत नाही, पण भरती कळते. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास धो धो कोसळायला लागलं, की इथली जुनी माणसं आधी कॅलेंडर बघतात. सिडकोने हे नगर वसवलं ते खाजणात भराव टाकून. पावसाचं पाणी साठावं म्हणून धारण तलाव केले आणि त्यांना खाडीच्या बाजूने झडपांची दारं बसवली. खाडी फुगली की दारं मिटतात, खाडी उतरली की उघडतात. आमच्या गल्लीतलं पाणी कधी ओसरणार, हे शेवटी समुद्रच ठरवतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात ज्यांनी इथे रात्र काढली, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

एरवी दिवसभर इथे राज्य लोखंडाचं. स्टील मार्केटातून पोलादी कॉइल लादलेले ट्रेलर निघतात, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी पुण्याच्या गाड्यांना हात करणारी माणसं उभी असतात, एअरब्रेकचे सुस्कारे रात्रीही थांबत नाहीत. या आवाजात बसून मी गलबतांच्या गोष्टी वाचते. वाचते त्याहून अधिक, त्यांच्यातल्या न उलगडलेल्या गोष्टींवर तर्क करत बसते. आणि हे वेड मला लागलं ते एका तमिळ घरात.

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना सगळी इमारत अम्मा म्हणते. त्यांच्या कपाटात जाड पुठ्ठ्याचे, सुईदोऱ्याने शिवलेले खंड आहेत. ते दुकानातून आणलेले नाहीत. त्यांच्या वडिलांनी ‘कल्की’ साप्ताहिकातली पानं आठवड्यामागून आठवडा काढून ठेवली आणि एकेक भाग पुरा झाला की बांधून घेतली. त्या काळी तमिळ घरांत अशी बांधणी घरोघर व्हायची. हे खंड हातात घेऊन बघण्यासारखे आहेत. दर काही पानांनी कागदाचा रंग बदलतो, कधी पिवळा, कधी राखाडी. शिवण इतकी आत गेलेली, की आतल्या समासाजवळची अक्षरं टाक्यांखाली दबलेली. चित्रं मणियम यांची. अंबाडे घातलेल्या राजस्त्रिया, कमरेला तलवार लावलेला घोडेस्वार, लाटेवर चढलेली एक होडी आणि तीत वल्हं धरून उभी असलेली मुलगी. चित्रांच्या पाठीमागे केसांच्या तेलाच्या जाहिराती. एका खंडात मध्येच काही पानं हाताने लिहिलेली आहेत. तो अंक पोस्टात गहाळ झाला, तेव्हा अम्मांच्या आत्याने शेजाऱ्यांकडून अंक मागून आणला आणि रात्रीत ते प्रकरण उतरवून काढलं. निळी शाई आता जांभळी झाली आहे. मला तमिळ वाचता येत नाही. पण त्या पानांवर हात फिरवताना एवढं कळतं, की कादंबरीसाठी कुणीतरी झोप मोडली होती.

ही कादंबरी म्हणजे ‘पोन्नियिन सेल्वन’. कल्की कृष्णमूर्तींनी ती १९५० ते १९५४ अशी स्वतःच्याच साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. दहाव्या शतकातलं चोळांचं राज्य, आजारी राजा, दोन राजपुत्र, एक राजकन्या आणि निरोप घेऊन फिरणारा वंदियदेवन नावाचा खट्याळ स्वार. गोष्ट घोड्यावरून सुरू होते आणि बघता बघता पाण्यात उतरते. कोडिक्करै नावाच्या किनाऱ्यावरची पूंकुळली त्याला रात्रीची आपल्या होडीतून लंकेला नेते. पुढे वादळ होतं, जहाजावर वीज पडते, ज्याला आपण इतिहासात राजराज चोळ म्हणून ओळखतो तो राजपुत्र खवळलेल्या समुद्रात सापडतो, आणि त्याला वाचवायला येते तीच होडीवाली पोर. अम्मांनी हे सगळं मला संध्याकाळी चहा पिता पिता मराठीतून सांगितलं, आणि अगदी साप्ताहिकासारखं सांगितलं. ऐन रंगात आलं की त्या कप उचलायच्या आणि म्हणायच्या, “आता उद्या गं. भात लावायचाय.”

गोष्टीच्या पोटात एक रहस्य आहे. थोरला राजपुत्र आदित्य करिकालन कडंबूरच्या वाड्यात मारला जातो. दिवा विझतो, अंधारात झटापट होते, आणि उजेड येतो तेव्हा तो पडलेला असतो. कुणी मारलं? सूडाची शपथ घेतलेली नंदिनी तिथे होती. कट रचणारा रविदासन होता. नंदिनीचा म्हातारा नवरा, दरबारातला बडा सरदार, तोही तिथेच होता. आळ मात्र आला वंदियदेवनवर. आणि करिकालन स्वतःच आयुष्याला इतका विटलेला होता, की त्यानेच स्वतःला संपवलं असं मानायलाही जागा आहे. कल्कींनी शेवटी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक टिपणही जोडलं, पात्रांचं पुढे काय झालं ते सांगितलं, पण मारेकऱ्यावर निर्विवाद बोट ठेवलं नाही. १९५४ सालीच ते गेले.

अम्मांच्या घरी यावरून तट पडले होते. वडील रविदासनच्या विरोधात. ते म्हणायचे, उदैयारगुडीच्या देवळातल्या शिलालेखात राजद्रोही म्हणून त्याचं आणि त्याच्या भावांचं नाव कोरलंय, त्यांच्या जमिनी काढून घेतल्याचं लिहिलंय, आता आणखी काय पुरावा पाहिजे? आत्या म्हणायची, दगडावर राजा लिहील तेच लिहिलं जातं. मारलं नंदिनीने, पण मारताना ती रडली. स्वतः अम्मांचं मत अजून ठरलेलं नाही. ऐंशीच्या घरातली बाई मला सांगते, “गेल्या आठवड्यात पुन्हा वाचलं, तर म्हाताऱ्याचा संशय आला बघ.” मणिरत्नम यांनी या कादंबरीवर काढलेल्या सिनेमाचे दोन भाग २०२२ आणि २०२३ मध्ये आले, तेव्हा अम्मांनी दोन्ही पाहिले. बाहेर आल्यावर त्यांचं मत एकच होतं: सिनेमाने तर्क करायला वेळ दिला नाही.

मला त्यांचा हेवा वाटतो. तमिळ वाचकाला असं आणखीही मिळालं. साण्डिल्यन यांची ‘कडल पुरा’ ‘कुमुदम’मधून क्रमशः आली. तिच्यात चोळांच्या आरमाराचा नायक कलिंगापासून थेट श्रीविजयापर्यंत समुद्र कापत जातो. अशी दर्यावरची ऐतिहासिक कादंबरी आठवड्याच्या हप्त्याने वाचून एक अख्खी पिढी मोठी झाली.

आपल्याकडे काय झालं, हा प्रश्न मग सुटत नाही. क्रमशः कादंबरीची सवय मराठी वाचकाला कमी जुनी नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची १८७१ ची ‘मोचनगड’. ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातूनच वाचकांसमोर आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि मग वर्षानुवर्षं दर आठवड्याला वाचकाला पुढच्या अंकाच्या आशेवर ठेवलं. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूचे हाल लोकांनी अंकागणिक सोसले. ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ अशी दोन वर्षं चालली. आज आपण ती एका रविवारात वाचू म्हटलं तर वाचू. तेव्हाच्या वाचकाच्या घरात मधल्या काळात बारशी झाली, श्राद्धं झाली, पुण्यात प्लेगही येऊन ठेपला, आणि गोष्टीतला सावळ्या मात्र अजून गडाच्या वाटेवरच होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी माजघरात बसून ऐकली. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. त्यांच्या वाचकांना शेवट स्वतःलाच करून घ्यावा लागला असणार, आणि तो करून घेणारी माणसं मला त्या कादंबऱ्यांची सहलेखक वाटतात.

नाथमाधव हरिभाऊंच्या नंतरचे. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचं अंग लुळं झालं, आणि त्या अंथरुणावरून त्यांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून शिवकाळावर कादंबऱ्यांची मालिकाच लिहिली. गडावरून पडलेल्या माणसाने पुढे हजारो वाचकांना घरबसल्या गड चढायला लावले. मराठी कादंबरीच्या इतिहासात याहून मनाला भिडणारी गोष्ट मला ठाऊक नाही.

पण बघा, सगळे गडच. आपली ऐतिहासिक कादंबरी सह्याद्रीवर चढली ती तिथेच रमली. पाण्यात उतरलेली नावं आठवायला गेलं की थांबावं लागतं. गो. नी. दांडेकरांची ‘दर्याभवानी’ आहे. मनोहर माळगावकरांच्या इंग्रजी पुस्तकावरून पु. लं.नी केलेलं ‘कान्होजी आंग्रे’ आहे. आणखी काही असतील. तरी शेकडो किलोमीटरचा किनारा आणि सरखेल आंग्र्यांसारखं घराणं असलेल्या प्रांताला हे फार थोडं आहे. कारण मला दिसतं ते असं: मासिकं पुण्या-मुंबईची, लिहिणारे घाटावरचे किंवा घाटाकडे तोंड करून बसलेले. ज्यांनी ती गलबतं बांधली आणि वल्हवली ते भंडारी, कोळी, गाबीत, दालदी यांच्या घरांत लेखणी पोचायला आणखी शंभर वर्षं जायची होती. ज्यांना पाण्याचं ठाऊक होतं त्यांनी लिहिलं नाही, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना गडाची वाट पाठ होती.

गोष्टी मात्र पडून आहेत, रहस्यांसकट. जंजिऱ्याची घ्या. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी उभा असलेला हा सिद्दीचा किल्ला. त्याची तटबंदी थेट पाण्यातून वर येते, शिडी टेकवायला कोरडी वीतभर जागा नाही. परंपरेने सांगतात ते असं, की मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटलांनी रात्री होड्यांतून जाऊन त्या तटाला शिड्या लावल्या. खाली लाटा, वर सिद्दीचे पहारे. ठरलं होतं की मागून मोरोपंतांची माणसं येतील आणि चढतील. पाटील वाट बघत राहिले. कुणी आलं नाही. फटफटायला लागलं तशा त्यांनी शिड्या काढल्या आणि परतले. शिवाजी महाराजांनी पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाले, दर्यावरच्या माणसाला पालखी काय करायची? मग महाराजांनी ‘पालखी’ नावाचं गलबतच बांधून दिलं.

शाळेत ही गोष्ट आपण गलबताशी संपवतो. मला अडकवून ठेवतो तो मधला भाग. माणसं का आली नाहीत? कादंबरीकार असता तर त्याने प्रकरण इथे तोडलं असतं, आणि महाराष्ट्रभर आठवडाभर वाद झाला असता. फितुरी झाली? निरोप पोचला नाही? कुणाची छाती झाली नाही? की पाटलांच्या यशावर कुणाची नजर होती?

कळंबोली गावात, म्हणजे सिडकोच्या आधीपासून असलेल्या मूळ गावात, खाडीत जाळी टाकून आयुष्य काढलेले एक आजोबा आहेत. त्यांना मी हे कोडं घातलं. त्यांनी फितुरीबितुरी काही विचारलं नाही. विचारलं ते, “तिथी कंची होती?” मग त्यांनी हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरते. बेत एका रात्रीचा ठरला आणि काही कारणाने दुसऱ्या रात्रीवर गेला, तर पाण्याची वेळ चुकली. पुढे गेलेल्या थोड्या होड्या ओढ कापून तटाला लागतील; मागून येणाऱ्या, माणसांनी भरलेल्या जड होड्यांना उलटं पाणी लागलं तर वल्हवून वल्हवून हात तुटतील, होडी जागची हलायची नाही. “कोन भ्याला नसंल,” ते म्हणाले, “पान्यानं दिलं नसंल.”

हा तर्क खरा की खोटा हे सांगायला कागद नाही. पण पुस्तकं वाचून मी बांधलेले सगळे तर्क माणसांच्या मनांवर होते, आणि या माणसाने एका प्रश्नात त्यात चंद्र आणला. त्या दिवसापासून मला वाटत आलंय, की दर्यावरच्या गोष्टीचा वाचक काठावरचाच हवा. घाटावरच्याने तर्क केला तर तो दगा शोधेल. कोळी ओहोटी शोधेल.

दुसरी गोष्ट याहून आमच्या जवळची, अगदी पनवेलच्या खाडीतली. १६७९ चा पावसाळा. महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडाऱ्यांनी थळच्या समोरच्या खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात उतरायचा प्रयत्न करताना त्यांचा एक लेफ्टनंट मारला गेला. ऑक्टोबरात मराठ्यांचं, दौलतखानाचं आरमार किनाऱ्यालगतच्या आसऱ्यातून बाहेर पडलं आणि ‘डोव्हर’ नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. इंग्रजांची ‘रिव्हेंज’ मात्र झुंजून टिकली. वेढा असतानाही खांदेरीवर रसद पोचतच राहिली. उथळ बांधाच्या, अरुंद, चपळ होड्या अंधारातून निसटायच्या. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, यांना वल्हं पुरे.

याच धामधुमीत महाराजांनी चार हजार माणसं कल्याण-भिवंडीकडे उतरवली. बेत मुंबईवरच जायचा. पोर्तुगिजांनी आपल्या मुलखातून वाट दिली नाही. तेव्हा ही फौज वळून पनवेलला आली, कारण पनवेल आपलं बंदर होतं आणि समोर तुर्भ्याचं, म्हणजे ट्रॉम्बेचं बेट. पनवेलच्या पाण्यात सात गलबतं या कामासाठी सज्ज करण्यात आली.

आणि पुढे? पुढे ती निघाली नाहीत. सुरतेच्या इंग्रजांना धास्ती वाटली, त्यांनी तडजोडीचा सूर लावला. नव्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांची जहाजं खांदेरीपासून हटली, तह झाला. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले.

इतिहास हे एका परिच्छेदात सांगतो. मला तो परिच्छेद कधी पुरला नाही. आज जिथे पनवेल संपून कळंबोली कधी लागते हे कळत नाही, त्या टापूत, मिठागरांच्या आणि तिवरांच्या काठाने चार हजार माणसं काही काळ थांबली होती. ती काय खात होती? त्यांतल्या किती जणांनी आधी खारं पाणी पाहिलं होतं? घाटावरचा कुणी मावळा पहिल्यांदा गलबताच्या फळीवर पाय ठेवून परत मागे आला असेल का? सात गलबतांत चार हजार माणसं एका खेपेत मावत नाहीत. मग आधी कोण जाणार, मागे कोण राहणार, यावरून काय झालं असेल? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: बेत खरंच मुंबईवर चालून जायचा होता, की सात गलबतं दिसतील अशी उभी करून इंग्रजांची नजर खांदेरीवरून काढायची होती? मी दुसऱ्या बाजूची आहे. अम्मा पहिल्या बाजूच्या आहेत. त्यांचं म्हणणं, नुसतं दाखवायला कुणी चार हजार माणसांचं पोट भरत नाही. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. आजोबांना विचारलं तर त्यांनी पुन्हा तिथीच विचारली.

असे तर्क करायला वेळ लागतो, आणि तो वेळ पूर्वी छापखाना देत असे. शनिवारचा अंक वाचून झाला की पुढचा येईपर्यंत गोष्ट वाचकाच्या ताब्यात असायची. त्या दिवसांत ती पाणवठ्यावर, कचेरीत, गाडीच्या डब्यात फिरायची, तिला फाटे फुटायचे. आता अख्खी मालिका एका रात्रीत उतरवून घेता येते, अख्खी कादंबरी एका प्रवासात कानांनी ऐकता येते. मीही ऐकते, आणि ज्यांना डोळ्यांनी वाचणं जमत नाही त्यांची त्यामुळे मोठीच सोय झाली आहे. पण सगळी गोष्ट एकदम मिळाली की तिच्यावर भांडायला शेजारी लागत नाही. अम्मांच्या घरातले ते तट सत्तर वर्षं टिकले, ते आठवड्यागणिक पडले म्हणून. वडील गेले, आत्या गेली, तरी अम्मा त्यांच्याशी अजून वाद घालतात, आणि मी ऐकते तेव्हा मला ती दोघंही खोलीत बसलेली वाटतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात रायगड आहे, शिवनेरी आहे, आणि खांदेरीही आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आहेत. बारावा जिंजी, तो अम्मांच्या तमिळनाडूतला. बारांतले चार पाण्याशी नातं सांगणारे. ही बातमी वाचून मला आनंद झाला, आणि लगेच वाटलं, की आता या चारांवर कुणी लिहील का? फलकावरची माहिती नव्हे. गोष्ट.

म्हणून मराठी साप्ताहिकांच्या आणि रविवार पुरवण्यांच्या संपादकांना माझी विनंती आहे. खांदेरीवर एक कादंबरी छापा, क्रमशः, वर्षभर. सुरुवात पनवेलच्या खाडीत सात गलबतं सज्ज होत असताना करा. लिहायला अशा कुणाला तरी बोलवा, ज्याच्या घरात भरतीची वेळ बोटांवर काढतात. अलिबाग, मुरुड, मालवण, उरण इथे आज अशी लिहिती मुलं-मुली आहेत. त्यात एक रहस्य ठेवा आणि ते शेवटच्या अंकापर्यंत फोडू नका. फोडलंच नाही तरी चालेल. वर्गणी मी पहिल्याच दिवशी भरीन, दोन प्रतींची. एक अम्मांसाठी: त्यांना मराठी वाचता येतं.